शाकारणी नसलेली होडी

मे महिना सरत आला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका शाकारायची घाई उडते. 1 जून ते 31 जुलै, असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या, झापांनी नाहीतर ताडपत्रीने झाकायच्या, फटी बुजवायच्या, इंजिन उघडून बघायचं, जाळी दुरुस्त करायची. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होडी पुन्हा पाण्यात जाते तेव्हा ती ठणठणीत झालेली असते. डागडुजीसाठी तिला वर्षातून एकदा हक्काची विश्रांती मिळते.

तिथून दहा-बारा किलोमीटरवर, गणपतीपुळ्याला जाणाऱ्या सागरी रस्त्यावर आरे-वारेचा चढ लागतो. वळणावर गाडी थांबते, खाली सुरूचं बन आणि दोन जुळे किनारे दिसतात, आणि माणूस काही बोलायच्या आधी फोटोसाठी खिशातून फोन काढतो. तो फोन अँड्रॉइडचा असेल, आणि बहुतेक असतोच, तर त्याच्या पोटात लिनक्स कर्नल आहे. ही होडी 1991 साली पाण्यात उतरली आणि तेव्हापासून एकदाही वाळूवर आलेली नाही. तिच्या फळ्या बदलल्या, शिडं गेली, इंजिनं आली, खलाशी हजारोंनी आले नि गेले; पण हे सगळं ती चालू असताना. तिची डागडुजी कशी होते, कोणती फळी बदलायची हे कोण ठरवतं आणि त्यावर काय वाद होतात, हा या पुस्तकाचा विषय.

आधी कर्नल करतो काय, ते त्या फोटोपासूनच पाहू. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपला कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी नसते. ते कर्नलकडे मागणी करतं. कॅमेऱ्यावर पडलेला उजेड मेमरीत आणून ठेवणं, त्याच वेळी पडद्यावरचं चित्र हलतं ठेवणं, गाडीत गाणं चालू असेल तर ते अडखळू न देणं, आणि मधेच घरून फोन आला तर सगळं बाजूला सारून आधी ती घंटी वाजवणं ही सगळी कामं कर्नलची. अ‍ॅप हा गिऱ्हाईक, यंत्र हा माल, आणि या दोघांची गाठ कधीही परस्पर पडू न देणारा मधला जबाबदार माणूस म्हणजे कर्नल.

त्यातलं सगळ्यात नाजूक काम वेळ वाटण्याचं. कालव्याखाली शेती असलेल्याला पाळीपत्रक समजावून सांगावं लागत नाही: कुणाच्या रानाला कोणत्या दिवशी किती तास पाणी. कर्नलमधला शेड्युलर असंच पाळीपत्रक चालवतो, फक्त त्याची पाळी मिलिसेकंदांत मोजायची. आणि पाळीपत्रक आलं की भांडण आलंच. 2007 साली इथे झालेलं भांडण प्रसिद्ध आहे. कॉन कोलिव्हास हा ऑस्ट्रेलियातला भूलतज्ज्ञ डॉक्टर. तो फावल्या वेळात शेड्युलर लिहायचा, कारण घरच्या संगणकावर माउस अडखळू नये अशी त्याची इच्छा होती. प्रत्येकाला न्याय्य वाटा देता येतो हे त्याने करून दाखवलं. पण कर्नलमध्ये गेला तो इंगो मोल्नार यांनी त्याच कल्पनेवर नव्याने लिहिलेला शेड्युलर. मोल्नार यांनी कोलिव्हासचं ऋण उघडपणे नोंदवलं, तरी डॉक्टर मनातून दुखावला आणि कर्नलचं काम सोडून गेला. 2.6.23 आवृत्तीपासून आलेला तो शेड्युलर सोळा वर्षं टिकला, 2023च्या 6.6 आवृत्तीत त्याची जागा दुसऱ्याने घेतली. चांगली कल्पना आणि ती मांडणारा माणूस, दोघांनाही इथे एकाच वेळी जागा मिळतेच असं नाही. ही गोष्ट नवख्या वाचकाला आधीच सांगून ठेवलेली बरी.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 25 ऑगस्ट 1991 रोजी आपण हौसेने एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरात बाहेर पडलेली पहिली आवृत्ती 0.01 सुमारे दहा हजार ओळींची होती. पुढच्याच जानेवारीत अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी ही रचना मुळातच जुनाट असल्याचं चारचौघांत सुनावलं, आणि विद्यार्थ्याने तितक्याच जोरात उत्तर दिलं. मार्च 1994मध्ये 1.0 आली तेव्हा ओळी पावणेदोन लाखांवर गेल्या होत्या. आज त्या चार कोटींच्या घरात आहेत. एवढा विस्तार एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. म्हणूनच चर्चा हा कर्नलच्या कामाचा भाग आहे, कामानंतरची करमणूक नव्हे.

एक बदल आत कसा जातो ते जवळून पाहण्यासारखं आहे. त्याला पॅच म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत ठिगळ. ते साध्या मजकुराच्या ई-मेलने जातं. रंगीत अक्षरं, सजावट काही चालत नाही. ज्या ओळी काढायच्या त्यांच्या आधी वजाचं चिन्ह, ज्या घालायच्या त्यांच्या आधी अधिकचं. पण वाचणाऱ्याची नजर आधी जाते ती वरच्या परिच्छेदांवर. काय बिघडलं होतं, का बिघडलं, आणि हाच उपाय का, हे तिथे माणसाला कळेल अशा भाषेत लिहावं लागतं. तीन ओळींच्या बदलावर तीस ओळींचं स्पष्टीकरण असणं इथे सामान्य आहे. ठिगळ जुन्या चुकीवरचं असेल तर ती चूक नेमक्या कोणत्या बदलाने आत आली त्याचा बारा अक्षरांचा क्रमांक द्यायचा. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' असं लिहून आपलं नाव: हे काम द्यायचा मला अधिकार आहे, अशी ती ग्वाही. 2003 साली एससीओ कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप करत आयबीएमवर दावा लावला. त्यानंतर, 2004पासून, ही सही आवश्यक झाली. ज्याच्या अखत्यारीत तो भाग येतो तो देखभाल करणारा ठिगळ तपासतो, प्रश्न विचारतो, परत पाठवतो. दुसरी खेप, तिसरी खेप, सातवी खेप. प्रत्येक खेपेत आधीच्या खेपेपासून काय बदललं हेही लिहायचं.

वेळापत्रकही ठरलेलं आहे. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे दार उघडं. देखभाल करणाऱ्यांनी जमवलेले बदल टॉरवाल्ड्स त्या काळात आत घेतात. मग दार बंद. पुढे बहुधा दर रविवारी एक चाचणी आवृत्ती, फक्त चुका दुरुस्त करायच्या, असं सात-आठ आठवडे. नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल तयार. एका फेरीत दीड-दोन हजार माणसांचे बारा ते पंधरा हजार बदल आत जातात. 2004पर्यंत असं नव्हतं. 2.4 निघाली जानेवारी 2001मध्ये आणि 2.6 यायला डिसेंबर 2003 उजाडला. मधल्या काळात नव्या यंत्रासाठी लिहिलेलं काम प्रयोगाच्या शाखेत अडकून पडायचं आणि प्रत्येक कंपनी आपापली ठिगळं वेगळी बाळगायची. हा सगळा हिशेब ठेवणारं गिट हे साधनही याच घरातलं. पूर्वीचं साधन फुकट वापरायची सवलत गेली, म्हणून टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल 2005मध्ये काही दिवसांत ते लिहून काढलं. आज पुण्या-मुंबईतला सॉफ्टवेअरमधला जवळजवळ प्रत्येक माणूस दिवसातून दहा वेळा ते वापरतो.

आता पुण्याची गोष्ट. मराठी वाचकाने ती माहीत करून घ्यावी असं फार वाटतं, कारण कर्नलमधला बदल म्हणजे काय हे तिच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही.

चालता प्रोग्राम मधेच थांबवून त्याच्या पोटात काय चाललं आहे ते पाहणाऱ्या साधनाला डीबगर म्हणतात. साध्या प्रोग्रामसाठी तो सोपा. प्रोग्राम थांबला तरी संगणक चालू असतो. पण कर्नलच थांबवला तर पाहणार कोण आणि कशावर? त्यासाठी दोन संगणक लागतात. एकावर तपासायचा कर्नल, दुसऱ्यावर डीबगर, मधे एक सिरियल केबल. पहिला संगणक मधल्या एका ओळीवर जागच्या जागी थिजतो: पडदा गोठलेला, कळफलक मुका, आणि दुसऱ्या संगणकावरचा माणूस केबलमधून एकेक आकडा वाचत असतो. ही सोय लिनक्सला देणाऱ्या ठिगळांच्या संचाचं नाव केजीडीबी. 2000 ते 2004 त्याची देखभाल अमित काळे यांनी केली, आणि 2004 ते 2006 पुण्यातल्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने.

अडचण अशी की टॉरवाल्ड्स यांना कर्नलमध्ये डीबगर नकोच होता. 2000 सालच्या सप्टेंबरात त्यांनी आपली भूमिका सविस्तर लिहिली. सार असं: डीबगर हाती आला की माणूस चूक दिसते तिथेच ठिगळ लावतो; तो नसला की कोड पुन्हा वाचतो, विचार करतो आणि मुळाशी जातो; काम अवघड राहिलं तर सावध माणसंच त्यात टिकतील. हे म्हणणं कठोर होतं, पण पोकळ नव्हतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच खरं होतं: ड्रायव्हर लिहिणाऱ्याला यंत्र जे करतं ते कागदावर वाचून कळत नाही, पाहावंच लागतं.

वाद मिटेना. दरम्यान केजीडीबी बाहेरच राहिला, आणि बाहेर राहण्याची किंमत काय असते ते पुण्यातल्या या कामाने दाखवलं. कर्नल थांबत नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीत आजूबाजूच्या ओळी सरकतात, फंक्शनांची नावं बदलतात, आणि काल नीट बसलेलं ठिगळ आज बसत नाही. ते उसवायचं, नव्या कापडावर मोजून पुन्हा शिवायचं, वेगवेगळ्या प्रोसेसरांवर तपासायचं, की तोवर पुढची आवृत्ती दारात. आत असलेल्या कोडची ही शिलाई जो बदल करतो तोच करतो. बाहेरच्या कोडची ज्याची त्याने करायची, आणि तीही न थांबता. अँड्र्यू मॉर्टन यांच्यासारखा ज्येष्ठ माणूस केजीडीबीच्या बाजूने होता. तो आपल्या चाचणीच्या शाखेत ही ठिगळं बाळगायचा. मुख्य दार तरीही बंदच.

2006नंतर विंड रिव्हर कंपनीच्या जेसन वेसेल यांनी सूत्रं घेतली. त्यांनी आणि मोल्नार यांनी मिळून संच छाटला. नेटवर्कवरून डीबग करायची सोय काढली, वर्षानुवर्षं साठलेल्या जोडण्या काढल्या, आणि फक्त सिरियल केबलवर चालणारी सुटसुटीत आवृत्ती पुढे ठेवली. ती टॉरवाल्ड्स यांनी घेतली. 13 जुलै 2008 रोजी निघालेल्या 2.6.26मध्ये केजीडीबी आहे, आणि आजच्या कर्नलमध्येही आहे. नकार देणाऱ्याने आठ वर्षांनी होकार दिला तो कुणी गयावया केली म्हणून नाही, आणि मत पूर्ण पालटलं म्हणूनही नसावा. समोर आलेली वस्तू इतकी लहान आणि स्वच्छ होती की ती आत घेतल्याने कुणाचं काही अडणार नव्हतं. पुण्यात झालेल्या शिवणकामाचा बराच भाग छाटणीत गेला. पण इतकी वर्षं ते जिवंत ठेवलं गेलं, म्हणूनच छाटायला काहीतरी हाताशी होतं. या कामाचं मोल महाराष्ट्रात पुरेसं ओळखलं गेलेलं नाही, असं स्पष्ट म्हणायला हवं.

अपडेट करायचं कशासाठी, हा प्रश्न मात्र फोनवाल्यालाही पडतो. फोन चालतो आहे ना, मग? उत्तरासाठी 2016 सालची 'डर्टी काऊ' ही चूक पुरेशी आहे. दोन प्रोग्रामना एकच मजकूर हवा असेल तर कर्नल मेमरीत एकच मूळ ठेवतो आणि दोघांना दाखवतो. एखादा त्यावर लिहायला गेला की त्याच्यापुरती वेगळी प्रत काढून देतो. तलाठी कार्यालयातला मूळ सातबारा कपाटात आणि तुमच्या हातात नक्कल, तसंच हे. नकलेवर काहीही खरडा, मूळ सुरक्षित. पण प्रत काढण्याच्या आणि लिहिण्याच्या मधे एक निमिष असं होतं की ते नेमकं गाठलं तर पेन मूळ सातबाऱ्यावरच उमटायचं. ज्याला फक्त वाचायची परवानगी, तो मालक व्हायचा. ही फट किमान 2007पासून कर्नलमध्ये होती आणि त्या काळचे अँड्रॉइड फोनही तिच्या तावडीत होते. दुरुस्तीच्या नोंदीत टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच लिहून ठेवलं की अकरा वर्षांपूर्वी आपणच ही चूक सुधारायचा प्रयत्न केला होता आणि तो नीट जमला नव्हता. ज्याच्या नावावर हा सगळा पसारा आहे तो माणूस आपली चूक कायमच्या नोंदीत उतरवतो, याला या कामात मोठा मान आहे.

दुरुस्ती झाली तरी ती आरे-वारेच्या वळणावरच्या फोनपर्यंत पोहोचायला वाट लांबची. सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' उघडून कर्नल आवृत्ती पाहिली तर 5.10.198-अँड्रॉइड12-9 अशासारखं काहीतरी दिसेल. त्यातला 5.10 हा डिसेंबर 2020मध्ये निघालेला कर्नल. दीर्घकाळ सांभाळायचा म्हणून तो निवडला गेला. 198 म्हणजे त्यावर एकामागून एक निघालेल्या दुरुस्तीच्या आवृत्त्यांतली एकशे अठ्ठ्याण्णवावी. पुढचा भाग अँड्रॉइडच्या शाखेचा, आणि शेवटचा 9 हा फोन कंपनीच्या ड्रायव्हरांशी झालेल्या कराराचा क्रमांक म्हणता येईल: तो जुळला की गूगलचा कर्नल बदलूनही कंपनीचे ड्रायव्हर चालू राहतात. मूळ दुरुस्ती आधी मुख्य कर्नलमध्ये, मग ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि सहकारी सांभाळतात त्या दीर्घकालीन शाखेत, मग गूगलकडे, मग चिप बनवणाऱ्याकडे, मग फोन बनवणाऱ्याकडे, आणि शेवटी 'सिस्टिम अपडेट उपलब्ध' ही सूचना. वाटेत एकाने हात आखडता घेतला की साखळी तिथेच तुटते. फोन चांगला चालत असतानाही असुरक्षित होतो तो असा. गिऱ्हाइकाने फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारावं.

घरच्या संगणकावर लिनक्स असेल तर मामला सोपा. नवा कर्नल बसवला तरी सहसा जुना पुसला जात नाही. नव्याने सुरू होताना काही अडलं तर सुरुवातीच्या यादीतून जुना निवडायचा आणि काम चालू ठेवायचं. शिवाय टॉरवाल्ड्स यांचा एक नियम सगळ्यात कडक आहे: काल चालणारा प्रोग्राम आजच्या कर्नलमुळे बंद पडता कामा नये. पडला, तर चूक कर्नलची, प्रोग्रामची नाही. बेधडक अपडेट करता येतं ते या नियमाच्या जोरावर.

आणि कोकणाला या कर्नलचं देणं फोनपुरतं नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, दापोली-मंडणगडची घरं-बागा उद्ध्वस्त झाल्या. अशा वादळांची वाट आधी सांगणारी गणितं पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतल्या महासंगणकावर सोडवली जातात. 2018पासून तिथे 'प्रत्यूष' होता, सप्टेंबर 2024मध्ये 11.77 पेटाफ्लॉपचा 'अर्क' आला. ही यंत्रं लिनक्सवर चालतात. नोव्हेंबर 2017पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी एकही लिनक्सखेरीज दुसऱ्या कशावर चालत नाही. पुण्याच्या पाषाण भागातलं ते अजस्र यंत्र आणि समुद्रात जाऊ नका हा निरोप ज्यावर येतो तो खलाशाच्या खिशातला फोन, दोघांच्या तळाशी एकाच घराण्याचा कोड आहे.

राहिला मराठीचा प्रश्न. तो एका छोट्या प्रयोगाने समजतो. लिनक्सवर 'आरे-वारे' नावाची फाइल बनवा. कर्नलच्या दृष्टीने हे नाव म्हणजे बावीस बाइट: देवनागरीची सात चिन्हं प्रत्येकी तीन बाइटांची, आणि मधली रेघ एक बाइटाची. ती अक्षरं कोणत्या भाषेतली हे कर्नल विचारत नाही. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून बाकी सगळं त्याला चालतं, एकूण 255 बाइटांपर्यंत. म्हणून मराठी नाव तिथे इंग्रजी नावाइतकंच सुखरूप असतं, फक्त पंच्याऐंशी चिन्हांच्या आत बसवावं लागतं. पण हेच नाव कर्नलच्या स्वतःच्या काळ्या पडद्यावर पाहायला गेलं तर वाचता येत नाही. त्या पडद्याला जास्तीत जास्त 512 आकृत्या ठाऊक, आणि एका चौकोनात एकच आकृती. 'रत्नागिरी' लिहायचं तर त आणि न जोडावे लागतात, आणि ग नंतर टंकलेली पहिली वेलांटी ग च्या आधी काढावी लागते. हे काम कर्नलच्या वरच्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअरचं. त्या मजल्यावर मराठीसाठी पुष्कळ झालं आहे: रेड हॅटने 2004 साली लोहित हे फॉन्ट खुले केले आणि कंपनीच्या पुणे कार्यालयातल्या माणसांनी त्यांची वर्षानुवर्षं देखभाल केली.

तळमजल्यावर मात्र शांतता आहे. कर्नलसोबत येणाऱ्या मार्गदर्शक लेखनाची भाषांतरं चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये आहेत. मराठी नाही. रत्नागिरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला मुलगा कोड वाचू शकतो, चूक शोधू शकतो, आणि मग वरच्या त्या परिच्छेदांपाशी अडतो. काय बिघडलं आणि हाच उपाय का, हे नेमकेपणाने मांडायची सवय त्याला कुठल्याच भाषेत लावलेली नसते. आधी ते मराठीत नीट मांडता यावं, इंग्रजी त्यानंतर जमतं, या विश्वासाने पुढची प्रकरणं लिहिली आहेत.

त्यांची सुरुवात एका आज्ञेपासून होते. लिनक्सचा संगणक उघडायचा, काळी खिडकी सुरू करायची, 'युनेम' लिहून जागा सोडून 'वजा आर' टंकायचं आणि एंटर दाबायचं. समोर जो आकडा येईल तो वहीत तारखेसह लिहून ठेवायचा. पहिलं प्रकरण त्या आकड्याचं आहे.